जर्मनीतल्या खासगी बिझनेस स्कूलमध्ये शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतल्या खासगी बिझनेस स्कूलबद्दल मुलं विचारतात, तसे त्यांचे आईवडीलही विचारतात. जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर असेल तर तो प्रश्नक्रमांक दिला आहे. रकमा आणि मर्यादा २०२५ च्या आहेत. त्या दर वर्षी बदलतात, म्हणून अर्ज करण्याआधी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहून घ्या.

१. जर्मनीत शिक्षण मोफत असतं ना? मग हे कॉलेज पंचवीस लाख का मागतंय?

मोफत आहे ते सरकारी विद्यापीठांमधलं शिक्षण. तिथेही बहुतेक राज्यांत दर सत्राला शे-दोनशे ते चारशे युरो ‘सत्र वर्गणी’ भरावी लागते. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क लावलं आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून आपल्याला शुल्क आहे. मास्टर्ससाठी ते सत्राला ४,००० ते ६,००० युरो पडतं.

खासगी संस्था चालते ती मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर. दोन वर्षांच्या मास्टर्सला साधारण २० ते ४० हजार युरो आणि नामांकित एमबीएला त्याहूनही जास्त लागतात. एक युरो शंभर रुपयांचा धरला, तर पंचवीस लाख हा आकडा त्या बाजारात वावगा नाही. प्रश्न आहे तो या पैशांत काय मिळतं याचा, आणि ते संस्थेगणिक फार वेगळं असतं.

मानहाइमचं उदाहरण घ्या, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. मानहाइम विद्यापीठ सरकारी आहे आणि त्याचा मॅनेजमेंटचा मास्टर्स वर सांगितलेल्या, सत्राला १,५०० युरोंत होतो. त्याच विद्यापीठाशी जोडलेल्या मानहाइम बिझनेस स्कूलचं एमबीए मात्र पूर्ण शुल्क घेऊन चालतं. म्हणजे नाव सरकारी विद्यापीठाचं असलं तरी अभ्यासक्रम सशुल्क असू शकतो.

२. ‘खासगी म्हणजे पैसे भरा आणि डिग्री घ्या’ असं नातेवाईक म्हणतात. खरं आहे का?

सरसकट तसं म्हणणं अन्यायाचं होईल. लाइपझिगच्या एचएचएलची परंपरा १८९८ पर्यंत मागे जाते. जर्मनी एक झाल्यावर १९९२ मध्ये ती नव्याने सुरू झाली. ऱ्हाइनकाठच्या एस्ट्रिश-विंकेलमधली ईबीएस १९७१ ची, कोब्लेन्झजवळच्या फालेन्डारमधली डब्ल्यूएचयू १९८४ ची. बर्लिनची ईएसएमटी २००२ मध्ये पंचवीस कंपन्या आणि संघटनांनी मिळून स्थापन केली आणि तिचे वर्ग पूर्व जर्मनीच्या राज्य परिषदेच्या जुन्या इमारतीत भरतात. फ्रांकफुर्ट स्कूलची मुळं बँक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात आहेत. या ठिकाणी प्रवेश अवघड आहे, आणि तिथली पदवी जर्मन कंपन्यांना माहीत आहे.

दुसऱ्या टोकाला अलीकडच्या काळात बर्लिन, म्युनिक, हॅम्बुर्गमध्ये ऑफिसच्या इमारतीत दोन मजले घेऊन सुरू झालेल्या संस्था आहेत. त्यांचे विद्यार्थी जवळपास सगळे परदेशी, आणि अर्ज केल्यावर चारच दिवसांत प्रवेशपत्र हातात. या दोन टोकांच्या मध्ये पुष्कळ प्रामाणिक, मध्यम दर्जाच्या संस्थाही आहेत. म्हणून ‘खासगी की सरकारी’ यापेक्षा ‘पदवी कोण देणार’ हा प्रश्न आधी विचारा. पुढची निम्मी उत्तरं त्याच प्रश्नाकडे येतात.

३. कॉलेजला मान्यता आहे की नाही, हे घरबसल्या कसं तपासायचं?

तीन ठिकाणी पाहायचं, तेही याच क्रमाने.

पहिलं, हॉखशूलकोम्पास. जर्मन कुलगुरूंच्या परिषदेची ही अधिकृत यादी आहे आणि ती इंग्रजीतही उघडते. तिथे संस्थेच्या नावासमोर ‘खासगी, राज्यमान्य’ अशा अर्थाची नोंद हवी. जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय असल्याने मान्यताही राज्य सरकारच देतं. संस्थेचं नाव यादीत नसेल, तर ती स्वतःच्या नावाने जर्मन पदवी देऊ शकत नाही असं धरून चला.

दुसरं, अभ्यासक्रमाची मान्यता. संस्था यादीत असली तरी तुमचा अभ्यासक्रम त्यात आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. जर्मन अधिस्वीकृती (अ‍ॅक्रेडिटेशन) परिषदेच्या माहितीकोशात अभ्यासक्रमाचं नाव, शहर आणि मान्यतेची मुदत दिसते. शहर नीट पाहा. एकाच संस्थेच्या एका शहरातल्या अभ्यासक्रमाला मान्यता असते आणि दुसऱ्या शहरातली शाखा नुकतीच उघडलेली असते.

तिसरं, तुमचं प्रवेशपत्र. त्यात पदवी देणाऱ्या संस्थेचं नाव पहिल्या दोन्ही ठिकाणच्या नावाशी अक्षरशः जुळायला हवं. ‘अकॅडमी’, ‘कॅम्पस’, ‘ग्रुप’ असा एखादा शब्द कमी-जास्त असला, तरी ती कायद्याने वेगळी संस्था असू शकते.

बरेच जण इथे अनाबिनचा उल्लेख करतात. अनाबिन हा परदेशी पदव्यांचा कोश आहे. तुमचं पुणे, मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठ ‘एच प्लस’, म्हणजे जर्मनीत मान्य धरलेलं, आहे का, हे पाहायला तो उपयोगी पडतो. जर्मन कॉलेजची मान्यता त्यात शोधायची नाही.

४. वर्ग बर्लिनमध्ये आहेत, पण पदवी दुसऱ्या देशातल्या विद्यापीठाची आहे. चालेल का?

बेकायदा नाही, पण याचे परिणाम दूरवर जातात. अशा व्यवस्थेत जर्मनीतली संस्था फक्त शिकवते आणि पदवी भागीदार विद्यापीठ देतं. ते विद्यापीठ इंग्लंड, इटली किंवा आणखी कुठलंही असेल. कागदोपत्री तुम्ही जर्मन विद्यापीठाचे पदवीधर ठरत नाही.

त्याने काय बिघडतं? जर्मन विद्यापीठाच्या पदवीधरांना मिळणाऱ्या सवलतींवर, म्हणजे नोकरी शोधण्यासाठीच्या अठरा महिन्यांवर आणि लवकर मिळणाऱ्या कायम निवासावर, प्रश्नचिन्ह लागतं (प्रश्न १९). विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दरातला सरकारी आरोग्य विमाही फक्त सरकारी किंवा राज्यमान्य संस्थेत नाव असलेल्यांना मिळतो (प्रश्न १६).

अशा ठिकाणी जायचं ठरवलंच असेल, तर भागीदार विद्यापीठ अनाबिनमध्ये ‘एच प्लस’ आहे का ते पाहा. शिवाय, ‘शिक्षण संपल्यावर नोकरी शोधण्याचा परवाना कोणत्या कलमाखाली मिळेल?’ हे संस्थेकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या आश्वासनाला पुढे काही किंमत राहत नाही.

५. एएसीएसबी, इक्विस, एएमबीए, फिबा… यातलं नेमकं काय महत्त्वाचं?

या नावांमधली एएसीएसबी, इक्विस आणि एएमबीए ही आंतरराष्ट्रीय दर्जाची शिक्कामोर्तबं आहेत. तिन्ही असलेल्या शाळा जगभरात थोड्याच आहेत. जर्मनीत ईएसएमटी, फ्रांकफुर्ट स्कूल आणि मानहाइम बिझनेस स्कूल ही त्यातली नावं. फिबा ही अभ्यासक्रम तपासणारी संस्था आहे आणि जर्मनीतल्या अधिकृत प्रक्रियेचाही भाग आहे.

पण हे सगळं राज्यमान्यतेनंतर येतं. एखादी संस्था अमुक आंतरराष्ट्रीय संघटनेची ‘सभासद’ असल्याचं मोठ्या अक्षरांत छापते. सभासदत्व वर्गणी भरून मिळतं, अधिस्वीकृती तपासणीनंतर मिळते. माहितीपत्रकात यातला कोणता शब्द आहे ते बघा.

६. बारावी कॉमर्सनंतर थेट बॅचलरला प्रवेश मिळतो का?

फक्त बारावीवर सहसा नाही. साधारण नियम असा, की बारावीनंतर भारतात मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच शाखेचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलं, तर त्या शाखेपुरता थेट प्रवेश मिळू शकतो. नाहीतर श्टुडिएनकोलेग नावाचा पूर्वतयारीचा वर्ग आणि त्याची परीक्षा. राज्यमान्य खासगी संस्थांनाही प्रवेशपात्रतेचे नियम लागू असतात. ‘आमच्याकडे बारावीवर चालतं’ असं कोणी म्हटलं, तर ते पहिलं वर्ष पदवीचं धरतात की फाउंडेशनचं, हे विचारा. माझं मत विचाराल तर एफवाय बी.कॉम. इथे करून जाणं स्वस्त आणि शहाणपणाचं.

७. माझं बी.कॉम. (किंवा बीबीए) तीन वर्षांचं आहे. एक वर्षाचा मास्टर्स केला तर काही अडेल का?

प्रवेशाला अडेलच असं नाही, पण हिशोब मांडून पाहा. जर्मनीत बॅचलर आणि मास्टर्स मिळून साधारण ३०० युरोपीय क्रेडिट्स अपेक्षित असतात. वर्षाला ६० धरली तर तीन वर्षांच्या पदवीची १८० होतात. त्यावर दोन वर्षांचा, १२० क्रेडिट्सचा मास्टर्स केला की ३०० पूर्ण. दीड वर्षाचा केला तर २७०, एक वर्षाचा केला तर २४०.

म्हणून छोट्या मास्टर्ससाठी संस्था आधी चार वर्षांची पदवी मागते किंवा ‘प्री-मास्टर’ सत्र जोडते. प्री-मास्टरचं शुल्क वेगळं असतं, ते जाहिरातीतल्या आकड्यात नसतं, आणि ते नापास झालात तर मुख्य अभ्यासक्रमाचं दार बंद होतं. व्हिसाच्या कागदांतही प्रवेश ‘सशर्त’ दिसतो. पुढे पीएच.डी.चा विचार असेल तर ३०० क्रेडिट्सची तजवीज आत्ताच करा (प्रश्न २२).

८. माझा सीजीपीए ७.८ आहे. जर्मनीत तो किती धरतात?

बहुतेक ठिकाणी सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. सर्वाधिक गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला, सर्वाधिक गुणांतून उत्तीर्णतेचे किमान गुण वजा करून आलेल्या संख्येने भागा. मग तीनने गुणून त्यात एक मिळवा. दहापैकी ७.८ आणि उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल, तर २.२ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.१. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर पास, तेव्हा २.१ चांगलेच गुण आहेत. सरकारी विद्यापीठांत अर्ज करण्याजोगे आहेत, आणि तो अर्ज आवर्जून करा.

९. मास्टर्स करू की एमबीए?

नोकरीचा अनुभव नसेल तर मास्टर्स. जर्मनीत एमबीए हा अनुभवानंतरचा अभ्यासक्रम मानला जातो. पदवीनंतर किमान वर्षभराची नोकरी नियमातच अपेक्षित असते आणि चांगल्या शाळा प्रत्यक्षात तीन किंवा जास्त वर्षं पाहतात. पदवी झाल्याझाल्या कोणी तुम्हाला एमबीए देऊ करत असेल तर प्रश्न ३ मधली तपासणी दुप्पट काळजीने करा.

१०. एपीएस प्रमाणपत्र खासगी कॉलेजसाठीही लागतं का?

हो. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जाआधी एपीएस प्रमाणपत्र घ्यावंच लागतं आणि संस्था खासगी असल्याने सूट मिळत नाही. शुल्क १८,००० रुपये. दिल्लीतलं हे केंद्र तुमच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत का हे तपासतं, जर्मन कॉलेजचा दर्जा तपासत नाही. त्यामुळे ‘एपीएस मिळालं म्हणजे कॉलेज चांगलं’ हा समज चुकीचा आहे. विद्यापीठाकडून कागद मिळायला आपल्याकडेच वेळ जातो, म्हणून शेवटच्या सत्राचा निकाल लागला की लगेच कामाला लागा.

११. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये किती पैसे ठेवायचे? फी भरली असेल तरी लागतात?

लागतात. फी वेगळी, राहण्याखाण्याचा खर्च वेगळा. १ सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो दाखवावे लागतात. जर्मनीत पोचल्यावर तेवढेच दरमहा खात्यातून बाहेर येतात. म्युनिक किंवा फ्रांकफुर्टमध्ये खोलीचं भाडंच यातला मोठा भाग खातं. लाइपझिगमध्ये त्याच पैशांत श्वास घेता येतो. शहर निवडताना हे घरी बोलून ठरवा.

१२. बँक कर्ज देईल का? आणि करात काही सवलत?

राष्ट्रीयीकृत बँकांकडे परदेशी संस्थांच्या याद्या असतात. नामांकित शाळा यादीत असेल तर अटी सोप्या, नाहीतर घर किंवा जमीन तारण मागतात. घराचं तारण द्यायची वेळ येत असेल तर प्रश्न ३ ची तपासणी आईवडिलांनी स्वतः बसून करावी, एजंटने दिलेल्या छापील कागदावर समाधान मानू नये.

कर्जाच्या व्याजावर आयकराच्या कलम ८०ई खाली आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, पण फक्त जुनी करप्रणाली निवडली तर. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वर कापला जाणारा टीसीएस (बँक आगाऊ कापते तो कर), मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेला एप्रिल २०२५ पासून लागत नाही. आणि पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्याच संस्थांसाठी आहे, जर्मनीसाठी ती चालत नाही.

१३. महाराष्ट्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती इथे मिळेल का?

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तिला क्यूएस जागतिक विद्यापीठ क्रमवारीची अट आहे. अडचण इथेच येते. नुसती बिझनेस स्कूल असलेली संस्था त्या सर्वसाधारण यादीत बहुधा नसते. तिचं नाव बिझनेस स्कूलच्या वेगळ्या क्रमवारीत असतं आणि ती या योजनेला चालत नाही. त्यामुळे ही शिष्यवृत्ती डोळ्यांसमोर असेल तर मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे आधी पाहा.

जर्मनीत पोचल्यावर ‘डॉइचलांडश्टिपेंडियम’साठी अर्ज करता येतो. महिन्याला ३०० युरो, परदेशी विद्यार्थ्यांनाही खुलं, आणि त्यात भाग घेणाऱ्या राज्यमान्य खासगी संस्थांतही मिळतं. संस्थेची स्वतःची ‘शिष्यवृत्ती’ मात्र बहुतेक वेळा फीमधली सूट असते. ‘आठवड्यात पैसे भरले तर ४० टक्के स्कॉलरशिप’ ही विक्रीची पद्धत झाली, गुणवत्तेचा गौरव नव्हे.

१४. एजंट म्हणतो, सरकारी विद्यापीठात तुझं होणार नाही, खासगीच घे. ऐकू का?

एजंटची कमाई कुठून होते ते आधी समजून घ्या. जर्मन सरकारी विद्यापीठं सहसा कमिशन देत नाहीत, अनेक खासगी संस्था देतात. म्हणून डेक्कनच्या किंवा दादरच्या ऑफिसात ‘फ्री काउन्सेलिंग’ मिळतं, ते फुकट कसं परवडतं याचं उत्तर तुमच्या फीमध्ये असतं. सगळे एजंट खोटं बोलतात असं मुळीच नाही. पण सल्ला देणाऱ्याचा फायदा एकाच बाजूला असेल तर दुसरी बाजू तुम्हाला स्वतःच बघावी लागते.

सरकारी विद्यापीठांत हिवाळी सत्रासाठी अर्जाची मुदत अनेकदा १५ जुलैपर्यंत असते, काही ठिकाणी बरीच आधी. स्वतः पाच-सहा ठिकाणी अर्ज करा. खर्च युनि-असिस्टच्या (अनेक विद्यापीठांसाठी अर्ज स्वीकारून तपासणाऱ्या सेवेच्या) शुल्कापुरता. मुदत निघून गेलेल्या मुलांना ‘आमच्याकडे अजून जागा आहे’ म्हणून खासगीकडे ओढलं जातं. एक वर्ष थांबणं अनेकांना लाजिरवाणं वाटतं, पण वीस-पंचवीस लाखांचं चुकीचं कर्ज त्याहून फार जड जातं.

१५. व्हिसा नाकारला तर भरलेली फी परत मिळते का?

तुम्ही सही केलेल्या करारात जे लिहिलंय ते मिळतं. खासगी संस्थेशी होणारा शिक्षण-करार हा दिवाणी करार असतो. सही करण्याआधी त्यातल्या या गोष्टी शोधा: व्हिसा नाकारल्यास किती रक्कम परत आणि किती ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून कापणार, परताव्यासाठी दूतावासाचं नकारपत्र किती दिवसांत द्यायचं, व्हिसाला उशीर झाला तर पुढच्या सत्रात प्रवेश सरकवता येतो का, आणि मध्येच सोडायचं ठरलं तर नोटीस किती आणि उरलेल्या सत्रांची फी भरावी लागते का. हे शेवटचं कलम बहुधा लहान अक्षरांत शेवटच्या पानावर असतं. जर्मन आणि इंग्रजी मजकुरात फरक पडला तर जर्मन मजकूर ग्राह्य, अशीही ओळ असते. तेव्हा जर्मन येणाऱ्या कोणाकडून तरी तो वाचून घ्या.

आणखी एक बदल. पूर्वी व्हिसा नाकारल्यावर दूतावासाकडेच फेरविचाराचा अर्ज करता यायचा. १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता नव्याने अर्ज करणं किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जाणं, एवढेच मार्ग आहेत. त्यामुळे पहिलाच अर्ज पक्का हवा. ‘हाच अभ्यासक्रम का, आणि आधीच्या शिक्षणाशी त्याचा संबंध काय’ याचं स्वतःच्या शब्दांतलं उत्तर त्यात हवं. एजंटकडे सगळ्यांसाठी एकच मसुदा असतो आणि तो अधिकाऱ्यांनी शंभर वेळा वाचलेला असतो.

१६. आरोग्य विमा कोणता घ्यायचा?

वय तीसच्या आत आणि संस्था राज्यमान्य असेल तर टीके, एओके, बार्मर अशा सरकारी योजनेतला विद्यार्थी विमा घ्या. महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडतात. सुरुवातीला स्वस्त वाटतो म्हणून खासगी विमा घेऊन सरकारीतून सूट मागितली, तर ती सूट संपूर्ण शिक्षणभर बदलता येत नाही. तिशी ओलांडली असेल किंवा संस्था राज्यमान्य नसेल तर हा विद्यार्थी दर मिळत नाही.

१७. शिकताना किती काम करता येतं? त्यातून फी निघेल का?

मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५ मध्ये तासाला १२.८२ युरो. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप या दिवसांत मोजत नाहीत, पण तिला किमान वेतनाचा नियमही लागत नाही. स्वयंरोजगाराला वेगळी परवानगी लागते. फ्रीलान्सर म्हणून जेवण पोचवण्याचं काम घेतलं तर परवाना धोक्यात येऊ शकतो.

हे पैसे राहण्याखाण्याला हातभार लावतात. फी निघत नाही. फीचे हप्ते पार्टटाइम कामातून भरू, असा हिशोब मांडून निघालेली मुलं रात्री गोदामात आणि दिवसा वर्गात पेंगत असतात, आणि दोन्हीकडे मागे पडतात.

१८. वर्ग आठवड्यातून दोनच दिवस, बाकी ऑनलाइन. हे सोयीचंच नाही का?

सोयीचं दिसतं, पण यात खरा धोका आहे. विद्यार्थी परवाना प्रत्यक्ष हजेरीच्या पूर्णवेळ शिक्षणासाठी असतो. दूरस्थ शिक्षणासाठी जर्मनीत राहण्याची गरजच नाही, अशी परवाने देणाऱ्या परदेशी नागरिक कार्यालयाची भूमिका असते. २०२५ मध्ये बर्लिनमध्ये एका मोठ्या खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांचं प्रकरण गाजलं. त्यांचा मिश्र पद्धतीचा अभ्यासक्रम परदेशी नागरिक कार्यालयाने दूरस्थ शिक्षणात धरला आणि काहींना देश सोडायला सांगितलं. त्या विद्यापीठाला राज्यमान्यता होती. म्हणजे प्रश्न ३ मधली तपासणी पार करूनही हा प्रश्न उरतोच.

म्हणून मान्यतेच्या कागदात तुमच्या अभ्यासक्रमाचा प्रकार ‘प्रत्यक्ष, पूर्णवेळ’ असा आहे का ते पाहा. गेल्या सत्राचं वेळापत्रक मागा. जाहिरातीतलं नव्हे, प्रत्यक्ष वर्गखोलीचे क्रमांक असलेलं. ते देत नसतील तर तिथेच थांबा.

१९. पदवीनंतर नोकरी आणि पीआरचं काय?

जर्मनीतलं शिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्यावर नोकरी शोधायला अठरा महिन्यांचा परवाना मिळतो आणि त्या काळात कोणतंही काम करता येतं. पदवीला साजेशी नोकरी लागली की ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा काम-निवास परवाना. २०२५ मध्ये त्याची पगारमर्यादा वर्षाला ४८,३०० युरो होती. पदवी मिळून तीन वर्षं झालेली नसतील तर ४३,७५९.८० युरो. जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला कुशल कामगार म्हणून दोन वर्षं नोकरी, पेन्शन वर्गणी आणि बी१ पातळीची जर्मन भाषा एवढ्यावर कायम निवासाचा अर्ज करता येतो. पदवी परदेशी भागीदाराची असेल तर प्रश्न ४ पाहा.

भाषेचं महत्त्व इथे कळतं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी विक्री, मनुष्यबळ, लेखा, खरेदी या बिझनेसच्या नोकऱ्या जर्मनमध्ये चालतात. आयटीवाल्या मित्राला इंग्रजीवर नोकरी लागली म्हणून मार्केटिंगवाल्याला लागेल असं नाही. पुण्यात बोट क्लब रोडचं किंवा मुंबईत काळा घोड्याचं माक्स म्युलर भवन, किंवा पुण्यातली रानडे इन्स्टिट्यूट, यांपैकी कुठेतरी निघण्याआधी निदान बी१ पर्यंत शिका. तिथे पोचल्यावर फी, काम आणि अभ्यासाच्या रेट्यात भाषा मागे पडते.

२०. सरकारी विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळेल का?

गृहीत धरू नका. स्वस्त वसतिगृहं श्टुडिरेंडेनवेर्क नावाची विद्यार्थी-सेवा संस्था चालवते आणि तुमची खासगी संस्था तिच्याशी जोडलेली असेल तरच हक्क मिळतो. सवलतीच्या प्रवासी पासाचंही तसंच. संस्थेला थेट विचारा. खोली पाहण्याआधी पैसे पाठवायला सांगणाऱ्या घरमालकांपासून लांब राहा, आणि घरी ‘आनमेल्डुंग’ म्हणजे पत्त्याची नोंद करू देणार का हे आधी विचारा. ती नसेल तर परवान्यासह पुढची बहुतेक कामं अडतात.

२१. आधी खासगीत जाऊन मग सरकारी विद्यापीठात बदली घेता येते का?

बदली अशी नसते. सरकारी विद्यापीठात नव्याने अर्ज करून, स्वतःच्या गुणांवर प्रवेश मिळवावा लागतो. निवास परवान्यासोबतच्या जोडपत्रावर अनेकदा संस्थेचं आणि अभ्यासक्रमाचं नाव छापलेलं असतं, म्हणून बदलाआधी परदेशी नागरिक कार्यालयाला कळवून लेखी उत्तर घ्या. जुन्या संस्थेच्या कराराची नोटीस-मुदतही पाळावी लागते (प्रश्न १५). काही जण हे नीट जमवतात. पण ‘आधी कसंही पोचू, मग बघू’ हा बेत म्हणून फार महाग पडतो.

२२. खासगी शाळेतून पीएच.डी. करता येईल का?

डब्ल्यूएचयू, एचएचएल, ईबीएस, ईएसएमटी, फ्रांकफुर्ट स्कूल यांना डॉक्टरेट देण्याचा अधिकार आहे. ‘उपयोजित विज्ञान विद्यापीठ’ प्रकारातल्या बहुतेक खासगी संस्थांना नाही. त्यांच्या मास्टर्सवर दुसऱ्या विद्यापीठात पीएच.डी.ला जाता येतं, पण तिथे ३०० क्रेडिट्स पाहिली जातात (प्रश्न ७).

२३. एखाद्या विषयात तीनदा नापास झालो तर? फी भरतोय, म्हणजे पुन्हा बसू देतीलच ना?

नाही. बहुतेक परीक्षा-नियमांत एका सक्तीच्या विषयाला तीन संधी असतात. तिसऱ्यांदा नापास झालात की ‘अंतिम अनुत्तीर्ण’ अशी नोंद होते, नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या संस्थेतही सहसा करता येत नाही. फी भरत असलात तरी राज्यमान्य संस्थेला हा नियम मोडता येत नाही. नाव कमी झालं की परवान्याचा आधारही जातो.

म्हणून दुसऱ्यांदा नापास झाल्यावर गप्प बसू नका. तिसऱ्या संधीची तारीख पुढे ढकलता येते का, आजारपणाचं प्रमाणपत्र किती दिवसांत द्यावं लागतं, हे परीक्षा कार्यालयात विचारा. डॉक्टरचा कागद परीक्षेच्या दिवसाचाच लागतो, नंतर आणलेला चालत नाही. अभ्यासक्रम बदलायचा विचार असेल तर तिसऱ्या परीक्षेला बसण्याआधी बदला. निकाल लागल्यावर ती वाट बंद झालेली असते.